अल्प मांसाहार, तालमींतील मेहनत व घरचीं कडधान्यें

तुरीचें खळें आटोपलें, कीं पोतीं शिवून बाजाराची वाट धरावी, हा आपल्याकडील बहुतेक घरांचा शिरस्ता आहे. त्यांत वावगें कांहीं नाहीं. उधारी फेडावयाची असते, पुढील हंगामाची तजवीज करावयाची असते. परंतु याच दिवसांत एका सभासदाकडून आमच्याकडे जो प्रश्न आला आहे, त्यामुळें हें पोतें घराबाहेर पडण्यापूर्वीं त्याविषयीं चार गोष्टी सांगणें आम्हांस अवश्य वाटलें.

हे सभासद माळकरी आहेत. घरांत मांस शिजत नाहीं. त्यांचा धाकटा मुलगा तालुक्याच्या गांवीं तालमींत जातो. वय अठरा, वजन ७० किलो. पहांटे मेहनत, दुपारीं शेतावर काम, सायंकाळीं पुन्हां आखाडा, असा त्याचा क्रम. गेले कांहीं महिने त्याचें अंग दुखणें थांबत नाहीं, वजन वाढत नाहीं, आणि लढतींत आलेली उसण दोन दोन आठवडे रेंगाळते. कोणी सांगितलें, मटण सुरू करा, नाहीं तर कुस्ती सोडा. कोणी प्रथिनाच्या भुकटीचा डबा सुचविला. दोन डबे उधारीनें आणलेही. आणि याच घरानें गेल्या वर्षीं आपली सगळी तूर व हरभरा खळ्यावरूनच विकला होता. सभासद विचारतात, ‘गळ्यांतली माळ ठेवून पोराची कुस्ती टिकेल कां?’

आमचें उत्तर, टिकेल, असेंच आहे. मात्र त्यासाठीं ताटाचा हिशेब शेताच्या हिशेबाइतक्याच काळजीनें केला पाहिजे. दुखणें हटेना तर प्रथम वैद्याकडून तपासून घ्यावें, हें सांगणें नलगे. त्यापुढील भाग आहाराचा आहे व तोच आम्ही येथें मांडतों. हा प्रश्न एका माळकरी घराचाच नव्हे. महिन्यांतून एक-दोन वेळांच मांस परवडतें अशीं घरें आपल्या भागांत पुष्कळ आहेत, आणि अंगमेहनत तर सर्वांचीच आहे.

प्रथिन म्हणजे अंगांतील नत्र

प्रथिन हा शब्द कांहींस अपरिचित वाटेल. पण त्यांतील विशेष द्रव्य शेतकऱ्याच्या नित्य ओळखीचें आहे. तें म्हणजे नत्र. पिष्ट, साखर व तेल-तूप यांत नत्र नसतें. प्रथिनांत तें असतें आणि वजनाच्या सुमारें १६ टक्के भरतें. प्रयोगशाळेंत धान्यांतील नत्र मोजतात, त्यास ६.२५ नें गुणितात व प्रथिनाचा आंकडा काढतात, तो याच कारणानें.

तूर, हरभरा, मटकी, भुईमूग यांच्या मुळांवरील गांठी आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. त्या गांठींतील जीवाणु हवेंतील नत्र बांधून पिकास पुरवितात. ज्वारी-गव्हास अशी सोय नाहीं. तेंच नत्र दाण्यांत प्रथिनरूपानें सांठतें, दाण्यांतून ताटांत येतें व ताटांतून स्नायूंत जातें. मेहनतीनें स्नायूंच्या तंतूंस बारीक इजा होते. ती भरून काढण्याचें काम आखाड्यांत होत नाहीं, विश्रांतींत होतें, आणि पुढील एक-दोन दिवस तें चालूं राहतें. शरीरांत जुनें प्रथिन मोडणें व नवें बांधणें हीं दोन्हीं कामें अखंड चाललेलीं असतात. मेहनतीनंतर दोहोंचाही वेग वाढतो. अशा वेळीं अन्नांतून प्रथिन मिळालें तर बांधणी मोडीच्या पुढें जाते व अंग कमावलें जातें. न मिळालें तर मोड वरचढ होते व कमाईऐवजीं झीज पदरांत पडते.

प्रथिन हें सरपण नव्हे

येथें एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. ज्यांनीं शेतीस रसायनशास्त्राची जोड दिली त्या जर्मन पंडित लीबिग यांचें असें मत होतें, कीं स्नायूंचें काम प्रथिन जळून होतें. हें मत कांहीं काळ सर्वमान्य होतें. ता. ३० ऑगस्ट १८६५ रोजीं फिक व विस्लिसेनस या दोन शास्त्रज्ञांनीं स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हा डोंगर चढून त्याची परीक्षा घेतली. आदल्या दिवसाच्या दुपारपासून त्यांनीं प्रथिन असलेलें अन्न सोडलें होतें. पिष्ट, साखर व चरबी एवढ्यावरच ते होते. सुमारें १९५६ मीटर उंची ते चढले आणि त्या काळांत मूत्रावाटे गेलेलें नत्र मोजून किती प्रथिन खर्चीं पडलें तें त्यांनीं काढलें. तेवढ्या प्रथिनापासून मिळूं शकणारी शक्ति त्या चढणीच्या कामास मुळींच पुरेशी नव्हती. शक्ति अर्थातच पिष्ट व चरबी यांपासून आली होती.

यांतून पैलवानानें दोन बोध घ्यावेत. पहिला असा, कीं जोर-बैठकांचें सरपण म्हणजे भाकरी, भात, गूळ, केळें, तेल व तूप. प्रथिन हा बांधकामाचा माल आहे. दुसरा असा, कीं सरपण कमी पडलें तर शरीर घराचे वांसेच जाळूं लागतें. जो मुलगा अर्धपोटीं राहून नुसती उसळ वाढवील, त्याचें प्रथिन बांधणीस न लागतां शक्तीसाठीं जळून जाईल. म्हणून आधीं पोटभर भाकरी, मग प्रथिनाचा विचार.

तुपाविषयींही हेंच. तालमींतील खुराकांत तूप व बदाम यांस मोठा मान आहे, आणि शक्ति देणारे पदार्थ म्हणून तो रास्त आहे. परंतु तुपांत प्रथिन जवळजवळ शून्य आहे आणि बदामांत आहे तें शेंगदाण्याहून अधिक नाहीं. बदामासाठीं कर्ज काढणाऱ्या बापानें घरचें भुईमुगाचें पोतें विकूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

गरज किती

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं दिलेल्या शिफारशीप्रमाणें सामान्य प्रौढ माणसास शरीराच्या दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतें. म्हणजे ६५ किलोंच्या पुरुषास ५४ ग्रॅम व ५५ किलोंच्या स्त्रीस सुमारें ४६ ग्रॅम. नियमानें कसून मेहनत करणाऱ्यास ही मात्रा पुरत नाहीं. त्यास दर किलोस १.२ पासून २ ग्रॅमपर्यंत प्रथिन सुचविण्यांत येतें, आणि १.६ ग्रॅमच्या पुढें स्नायूंच्या वाढींत विशेष भर पडत नाहीं, असें बऱ्याच प्रयोगांचा एकत्र विचार करतां दिसून आलें आहे.

धान्य-कडधान्यांचें प्रथिन दूध-अंड्यांच्या प्रथिनापेक्षां कांहींसें कमी पचतें. तेव्हां अल्प मांसाहारी पैलवानानें अगदीं खालची मर्यादा न धरतां किलोस दीड ग्रॅमच्या आसपास धरावें. आमच्या सभासदाच्या मुलास या मानानें रोज १०० ते ११० ग्रॅम पाहिजे. हा आंकडा ऐकून छाती दडपण्याचें कारण नाहीं. तो घरांतच कसा भरतो तें पुढें दाखवितों.

कोणत्या जिनसांत किती

खालील आंकडे शंभर ग्रॅम जिनसांतील प्रथिनाचे असून पूर्णांकांत दिले आहेत. धान्य व कडधान्य कोरडें, न शिजविलेलें धरावें.

तुरीची डाळ २२ ग्रॅम. मुगाची डाळ २४. मसुरीची डाळ २४. उडदाची डाळ २३.
अख्खा हरभरा १९, मटकी २०, हुलगा २२.
सोयाबीन ३६, शेंगदाणे २४.
ज्वारी १०, बाजरी ११, गव्हाचें पीठ ११, तांदूळ ८, नाचणी ७, राजगिरा १४.
गाईचें दूध ३, म्हशीचें दूध पावणेचार, पनीर १९.
अंडें एक नग ६. कोंबडीचें अगर बकऱ्याचें कच्चें मांस सुमारें २०.

या यादींत एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी आहे. वजनास वजन धरलें तर कोरडी डाळ मांसाच्या मागें नाहीं. मग तुटवडा कोठें पडतो? तो वाटींत पडतो. पातळ आमटीच्या वाटींत डाळ जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम असते. म्हणजे प्रथिन तीन-चार ग्रॅम. आमटीच्या दोन वाट्या प्यालों म्हणजे डाळ खाल्ली, असें आपण समजतों. वस्तुतः आपण पाणी व तिखट प्यालेलों असतों. म्हणून वाट्या मोजूं नयेत, कोरडी डाळ मोजून घ्यावी. तराजू प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं आहे. एकदां मूठ तोलून पाहिली, कीं पुढें मुठीनें काम भागतें.

ज्या द्रव्याची उणीव, त्याप्रमाणें पीक

प्रथिन हें वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या जोडणीनें बनतें. त्यांपैकीं नऊ मोठ्या माणसाचें शरीर स्वतः बनवूं शकत नाहीं. तीं अन्नांतूनच यावीं लागतात. आतां शेतींतील एक नियम आठवावा. लीबिग यांनींच तो प्रसिद्धीस आणला: जमिनींत जें द्रव्य सर्वांत उणें, त्याच्या मानानें पीक येतें, इतर द्रव्यें कितीही ओतलीं तरी उणीव भरून निघत नाहीं. स्फुरद नसलेल्या रानांत नत्राच्या गोणीवर गोणी टाकून काय होतें, हें अनुभवी शेतकऱ्यास सांगावयास नको.

अंगांतही हाच नियम चालतो. ज्वारी, गहूं, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन नांवाचें आम्ल कमी असतें. त्यांतही ज्वारींत तें फारच थोडें. नुसत्या भाकरीवर राहणाऱ्याच्या पोटांत बाकीचीं आम्लें असूनही बांधणी लायसिनपाशीं अडते. कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन हें दुसरें आम्ल कमी. आणि तें तृणधान्यांत बऱ्यापैकीं आहे. म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. ज्वारी-तुरीची जोडी रानांत जशी नांदते, तशीच ती पोटांतही नांदते. भाकरी व पिठलें, वरण व भात, बाजरी व मटकीची उसळ हीं जेवणें आपल्या पूर्वजांनीं हें शास्त्र न वाचतां बसविलीं. बिघाड झाला तो प्रमाणांत. तीन भाग धान्यास निदान एक भाग कडधान्य, हें प्रमाण ध्यानीं ठेवावें. पैलवानानें तें अडीचास एक असें करावें. दूध, दहीं व अंडीं यांत लायसिन पुरेसें असल्यामुळें त्यांची थोडी जोडही मोठें काम करते. सोयाबीनचें प्रथिन या दृष्टीनें कडधान्यांत सर्वांत सरस आहे.

खत हप्त्यानें, प्रथिनही हप्त्यानें

नत्राचें सगळें खत पेरणीच्या दिवशींच टाकून मोकळें होणारा शेतकरी नुकसानींत येतो. पीक घेईल तेवढें घेतें, बाकीचें वाहून किंवा उडून जातें. शरीराचीही रीत अशीच आहे. चरबीप्रमाणें प्रथिनाचा सांठा करण्याची सोय शरीरांत नाहीं. एका बैठकींत गरजेबाहेर आलेल्या प्रथिनांतील नत्र तें युरियाच्या रूपानें मूत्रावाटे टाकून देतें. आपण गोणींतून आणतों तोच हा युरिया. म्हणून दिवसभर कोरड्या भाकरीवर राहून रात्रीं एकदम प्रथिनाचा मारा करण्यांत अर्थ नाहीं. सत्तर किलोंच्या माणसानें मुख्य जेवणांत वीस ते तीस ग्रॅम, अशा तीन-चार हप्त्यांत प्रथिन घ्यावें. मेहनतीनंतर अर्ध्या घटकेच्या आंत कांहीं खाल्लें नाहीं तर सर्व व्यर्थ, असें कांहीं लोक सांगतात, तें खरें नाहीं. एक-दोन तासांत जेवण झालें म्हणजे पुरें. दिवसाची एकूण मात्रा हीच मुख्य होय.

एका दिवसाचें ताट

आतां वरील मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडतों. पदार्थ घरचेच आहेत.

सकाळीं मेहनतीनंतर: म्हशीचें दूध ४०० मिलिलिटर, प्रथिन १५ ग्रॅम, भिजवून मोड आणलेला हरभरा, कोरडा तोललेला ४० ग्रॅम, प्रथिन ७.
दुपारीं: ज्वारीच्या भाकरी २०० ग्रॅम पिठाच्या, प्रथिन २०, तुरीचें घट्ट वरण ५० ग्रॅम डाळीचें, ११, दहीं एक मोठी वाटी, ५, सोबत पालेभाजी व लिंबू.
तिसऱ्या प्रहरीं: भाजलेले शेंगदाणे ४० ग्रॅम व गूळ, प्रथिन ९.
रात्रीं: भाकरी १५० ग्रॅम पिठाच्या, प्रथिन १५, मटकीची अगर हुलग्याची उसळ ६० ग्रॅम कोरड्या दाण्यांची, १२.
निजण्यापूर्वीं: दूध २५० मिलिलिटर, प्रथिन ९.

एकूण १०३ ग्रॅम. यांत मांस नाहीं, अंडें नाहीं, डबा नाहीं. डब्याविषयीं विचाराल तर तो विष नव्हे. बहुतेक डब्यांत दुधाच्या निवळीचें वाळविलेलें प्रथिन असतें. परंतु डब्याबरोबर मिळणाऱ्या मापांत २४ ग्रॅम प्रथिन आहे असें धरलें, तर तेवढेंच म्हशीच्या साडेसहाशें मिलिलिटर दुधांत असतें. ज्याच्या दावणीला म्हैस आहे त्यानें दूध विकून भुकटी आणावी, हा व्यवहार उलटा आहे. शिवाय खात्रीच्या नसलेल्या डब्यांत भेसळ असूं शकते, आणि खेळाडूस मना असलेलीं द्रव्येंही निघाल्याचीं उदाहरणें आहेत.

एकादशीच्या दिवशीं हा हिशेब कोसळतो, कारण साबूदाण्यांत प्रथिन नांवालाही नसतें. उपास करणाऱ्या पैलवानानें त्या दिवशीं दूध, दहीं, शेंगदाणे व राजगिरा यांवर भर द्यावा आणि मेहनत हलकी ठेवावी.

शिजविण्यांतील काळजी

कडधान्य वाढविलें, कीं पोट फुगतें, ही तक्रार खरी आहे. उपाय सोपे आहेत. दाणे रात्रभर भिजवावे, तें पाणी टाकून द्यावें, मोड आणावे व नीट शिजवावें. भिजविण्यानें व मोड आणण्यानें वायु करणारीं द्रव्यें कमी होतात, आणि लोह अंगीं लागण्यास जें द्रव्य आड येतें तेंही कांहीं अंशीं घटतें. मात्र मोड आल्यानें प्रथिन वाढतें ही समजूत चुकीची आहे; दाणे फुगतात ते पाण्यानें. प्रमाणही एकदम न वाढवितां पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावें.

सोयाबीन कच्चें कधींही खाऊं नये. त्यांत प्रथिनाचें पचन रोखणारें द्रव्य असतें व तें उष्णतेनें नष्ट होतें. दाणे उकळत्या पाण्यांत वीस-पंचवीस मिनिटें ठेवावे, उन्हांत खडखडीत वाळवावे व नऊ किलो गव्हांत एक किलो या मानानें दळून आणावे. अशा पिठांत प्रथिन शेंकडा ११ वरून १३ वर जातें व लायसिनची उणीवही कमी होते. विदर्भ-मराठवाड्यांतील शेतकरी पोत्यांनीं सोयाबीन पिकवितो. त्यांतील दहा-वीस किलो स्वतःच्या दळणांत पडूं नयेत, हें आश्चर्य होय.

शेंगदाण्यांबाबत एक इशारा देतों. काळवंडलेले, बुरशी आलेले दाणे खाऊं नयेत व खाऊं घालूं नयेत. १९६० सालीं इंग्लंडांत अशा भुईमुगाच्या पेंडीनें टर्की पक्षी हजारोंनीं मेले आणि त्यावरून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. तें यकृतास अत्यंत घातक असून भाजण्यानें पूर्णपणें जात नाहीं. शेंगा काढल्यावर चांगल्या वाळवून कोरड्या जागीं ठेवणें, हाच त्यावर उपाय.

थोडें मांस खाणाऱ्यांसाठीं

ज्या घरीं मांसाचा विटाळ नाहीं, पण नित्य परवडत नाहीं, त्यांनीं काय करावें? सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं कुन्नूर येथें उंदरांस हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार घालून त्यांची वाढ तोलली होती. त्यांत शीख शेतकऱ्याचा आहार पहिला आला. तो गव्हाच्या पोळ्या, लोणी, दूध, मोडाचीं कडधान्यें, भाजीपाला आणि मांस आठवड्यांतून एकदां व थोडें, असा होता. मराठ्यांच्या आहाराचा क्रम शीख व पठाण यांच्या मागोमाग तिसरा लागला. उंदरांवरून माणसाविषयीं सर्व कांहीं ठरत नाहीं, हें खरें. परंतु उत्तम वाढीस रोजचें मांस लागत नाहीं, हें त्यावरूनही दिसून येतें.

थोडें मांस असेल तर तें एका दिवशींच संपवूं नये. अंडीं ठेवणें सोयीचें. रोज दोन अंड्यांनीं १२ ग्रॅमची भर पडते. कोंकणांतील सुकट-बोंबील यांच्या वजनांत निम्म्याहून अधिक प्रथिन असतें. मीठ धुऊन घेऊन मूठभर भाजींत घातले, तरी साऱ्या घराच्या जेवणास जोड मिळते.

प्रथिनाखेरीज मांसाहारांतून दोन गोष्टी मिळतात, त्यांची काळजी शाकाहारी माणसानें वेगळी घेतली पाहिजे. पहिली, बारावें ब जीवनसत्त्व. तें वनस्पतींत भरवशाचें मिळत नाहीं; दूध-दह्यांतून मिळतें, म्हणून माळकरी पैलवानानें दूध सोडूं नये. हातापायांस मुंग्या, थकवा असें असल्यास रक्त तपासून घ्यावें. दुसरी, लोह. डाळी-भाज्यांतील लोह कमी शोषलें जातें. जेवणांत लिंबू, आंवळा किंवा पेरू घेतल्यास तें अधिक शोषलें जातें आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी.

ज्यास मूत्रपिंडाचा विकार आहे त्यानें मात्र वरील मात्रा आपल्या मतानें घेऊं नयेत; वैद्याच्या सल्ल्यानेंच चालावें.

तालमीबाहेरची मेहनत

येथवर आम्ही पैलवानाविषयीं बोललों. पण झीज आखाड्याच्या तांबड्या मातींतच होते असें नाहीं. दिवसभर खुरपणी करून, पाणी वाहून, सर्वांच्या मागून जेवावयास बसणारी जी घरची बाई, तिच्या वाट्यास बहुधा तळाशीं उरलेली पातळ आमटीच येते. गरोदरपणीं शेवटच्या तीन महिन्यांत तिला रोज आणखी २२ ग्रॅम व अंगावर पाजतांना पहिल्या सहा महिन्यांत १७ ग्रॅम प्रथिन अधिक लागतें, असें वर सांगितलेली पोषण संस्थाच सांगते. पैलवानाचा खुराक मोजून काढणाऱ्या घरानें हाही हिशेब त्याच तराजूंत करावा. आतां मुलीही तालमींत उतरूं लागल्या आहेत. त्यांचें ताट भावाच्या ताटाहून हलकें असूं नये.

पोतें शिवण्यापूर्वीं

आतां मूळ प्रश्नाकडे वळून शेवट करूं. वरील ताटांत एका मुलास रोज दीडशें ग्रॅम कडधान्य लागतें; वर्षाचें सुमारें ५५ किलो. तुरीची डाळ करतांना जी तूट येते ती धरून ६० किलो म्हणूं. शेंगदाणे १५ किलो. कोरडवाहूस एकरीं तीन-चार क्विंटल उतारा धरला, तर साठ किलो कडधान्य सात-आठ गुंठ्यांतून निघतें. एका पोराचें वर्षभराचें अंग कमावण्यास एवढी जमीन पुरते, दूध दावणीचें. हें धान्य खळ्यावर स्वस्तांत विकून तीच डाळ चढ्या भावानें किराणा दुकानांतून आणणें, आणि त्यावर भुकटीच्या डब्याची उधारी करणें, यांत घराचें दुहेरी नुकसान आहे.

म्हणून आमची सर्व सभासदांस सूचना अशी, कीं यंदा पोतीं शिवण्यापूर्वीं घरांतील माणसें मोजावीं. मोठ्या माणसामागें रोज निदान ८० ग्रॅम, म्हणजे वर्षास सुमारें ३० किलो कडधान्य, आणि पैलवानामागें ६० किलो बाजूस काढून, वाळवून, कीड लागणार नाहीं अशा कोठींत भरावें. उरेल तें खुशाल विकावें. बियाणें आपण विकत नाहीं. पोरांच्या अंगीं लागावयाचें धान्यही त्याच मानाचें समजावें.

आमच्या सभासदबंधूंनीं पुढील सहा महिने हें ताट चालवावें. दर पंधरवड्यास मुलाचें वजन घ्यावें, झोप आठ तास होते कीं नाहीं हें पाहावें आणि वस्तादांशीं बोलून आठवड्यांतून एक दिवस अंगास पूर्ण विश्रांति द्यावी; कारण बांधणीचें काम विश्रांतींतच होतें. माळ काढण्याचें कारण नाहीं, आणि लंगोट उतरविण्याचेंही नाहीं. इतर सभासदांनींही आपले अनुभव वजनाच्या आंकड्यांसह कळविल्यास ते आम्ही पुढील अंकांतून वाचकांपुढें आनंदानें ठेवूं.